वेटसूट नक्की कोणासाठी?

परवा डायव्हिंगला निघालेल्या एका मित्राने विचारलं, "३ मिमी घेऊ की ७?" म्हटलं, बाबा रे, आधी पाणी कुठलं ते सांग! तारकर्लीला ३ पुरतो. १०-१२ अंशांच्या पाण्यात ७ मिमी, वर हूड आणि हातमोजेही.

पण जाडीपेक्षा माप महत्त्वाचं. वेटसूट अंग कोरडं ठेवत नाही. निओप्रीनमधले बुडबुडे ऊब धरतात आणि आत शिरलेलं थोडंसं पाणी अंगाबरोबर तापतं. सूट ढगळा असला की ते पाणी सारखं बदलतं, मग महागडा सूटही फुकट.

असो. मला मात्र आमची सांगली आठवली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावची पोरं हाफ पँटवर पाण्यात उतरली होती. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं. २५ अंशांच्या पाण्यातही तासन् तास राहिलं तर हुडहुडी भरते. ८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हा लाइफ जॅकेट आधी, यात वाद नाही. सूट त्याची जागा घेत नाही, पुराची घाणही अडवत नाही.

तरी कृष्णा-कोयनेकाठच्या बचाव पथकांकडे मापाचे चार सूट का नसावेत? वीकेंडच्या हौसेसाठी आपण घेतोच की!