पातेल्यातला गार्ड की डॉक्टरांचा?

झोपेत दात खाणारं कोणीतरी प्रत्येक मजल्यावर एक तरी असतंच. गंमत अशी की ज्याचे दात झिजतात त्याला पत्ता नसतो, झोप उडते ती रूम पार्टनरची. रात्री दोन वाजता कराकरा आवाज, जणू कोणी खडू चावतंय. घरी असतो तर आजीने निदान केलं असतं, "पोटात जंत झालेत." डॉक्टर लोक याला ब्रक्सिझम म्हणतात आणि मोठ्या माणसांत तरी जंतांचा संबंध लावायला काही आधार नाही. टेन्शन, रात्रीची जास्तीची कॉफी, सिगरेट, दारू, डिप्रेशनवरची काही औषधं, झोपेत श्वास अडकणं, हे जास्त खरं. सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलमध्ये हा आवाज का वाढतो ते मग वेगळं सांगायला नको.

(मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावेत.)

तर मुद्दा नाइट गार्डचा. ऑनलाइन काही शे रुपयांत एक मिळतो. पातेल्यात पाणी गरम करायचं, गार्ड त्यात टाकायचा, मऊ झाला की चावायचा, झाला तयार. डेंटिस्टकडे माप देऊन केलेला मात्र काही हजारांत जातो. मेसमध्ये यावर चर्चा झाली की एक डायलॉग हमखास येतो, "दोन्ही प्लास्टिकच ना यार?" मेकॅनिकलच्या मुलामुलींनी हे म्हणावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

पातेल्यातला गार्ड बहुतेक वेळा ईव्हीएचा, म्हणजे आपल्या चपलांच्या सोलच्या जातीचा. डॉक्टरांचा कडक गार्ड ॲक्रिलिकचा. इनॅमलचा मोड्युलस ८० गिगापास्कलच्या आसपास, ॲक्रिलिकचा साधारण ३, आणि ईव्हीए त्याच्याही कित्येक पटींनी खाली. दोन्ही दातापेक्षा मऊ आहेत आणि तसेच हवेत. शाफ्ट झिजू नये म्हणून बुश मऊ धातूचं करतात, तोच फंडा. झिजायचं ते गार्डने. एवढ्यापुरतं मेसमधलं म्हणणं बरोबर आहे.

पण मऊ गार्डची एक खोड आहे. तोंडात मऊ काही आलं की काही जण ते चघळायला लागतात. १९८७ साली ओकेसन यांनी १० जणांवर दोन्ही प्रकार वापरून बघितले. कडक गार्डने ८ जणांच्या जबड्याच्या स्नायूंची रात्रीची हालचाल कमी झाली, मऊ गार्डने ५ जणांची उलट वाढली. १० म्हणजे फारच कमी, आपल्या प्रोजेक्टच्या सर्व्हेत याहून जास्त लोक असतात. तरी मऊ गार्ड वर्षानुवर्षं वापरावा असं काही यावरून वाटत नाही.

आणि कडकचीही जास्त आरती नको. २००७ च्या कॉक्रेन आढाव्यात गार्डने दात खाणं थांबतं असं म्हणायला पुरेसा पुरावा सापडला नव्हता. झीज कमी होण्यात फायदा असू शकतो, इतकंच. गार्ड म्हणजे हेल्मेट. हेल्मेटने ॲक्सिडेंट टळत नाही. "बरं करतो" म्हणून कोणी गार्ड विकत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे जावं.

मग ते हजारो रुपये कशाचे? माझ्या मते प्लास्टिकचे नाहीतच. दातांचं माप, प्लास्टरचा साचा, लॅबचं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खुर्चीत बसवून निळा कागद चावायला देणं. जिथे ठसा गडद उठतो तिथे घासायचं, परत चावायला लावायचं, परत घासायचं, सगळे दात सारखे टेकेपर्यंत. फिटिंगचा जॉब म्हणा ना. हे न करता डॉक्टरांनी डबी हातात ठेवली तर तो महाग किमतीचा स्वस्त गार्डच समजा. शिवाय मापावर मऊ शीट ओढून केलेला गार्डसुद्धा "कस्टम" या नावानेच मिळतो. म्हणून कस्टम का रेडीमेड एवढंच विचारून भागत नाही. कडक आहे का, सगळे दात झाकतो का, बसवून घासून देणार का, हे विचारा.

सगळे दात झाकणं का, तर फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या दातांवर बसणारे छोटे गार्ड मिळतात. ते महिनोन्‌महिने घातले तर न झाकलेले दात हळूहळू सरकू शकतात आणि चावा बिघडतो. स्वस्त असो वा महाग, हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नकोच.

माझं मत विचाराल तर परीक्षेच्या काळात चार-सहा आठवडे पूर्ण दातांचा पातेल्यातला गार्ड घालायला हरकत नाही. तोंडात काही ठेवून झोप येते का तेही कळतं. महिन्याभरात त्याला भोकं पडली तर तुमचा मामला सीरियस आहे, कडक गार्डचे पैसे घरी मागा. पण जबडा दुखतो, अडकतो, ब्रेसेस आहेत, दात हलतात, असं असेल तर आधी डेंटिस्ट. आणि घोरताना श्वास अडकत असेल तर त्याआधी फिजिशियन, कारण काही जणांत गार्डने तो त्रास वाढू शकतो.

घरी मागायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. आमच्या मजल्यावरच्या एकीने दोन सेमिस्टर कोणाला सांगितलं नाही. दाढेचा कोपरा उडाला, मग रूट कॅनाल, मग कॅप. वडिलांनी सोसायटीतून पैसे उचलले, गार्डच्या किमतीच्या कितीतरी पट. इनॅमल एकदा गेलं की परत उगवत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे आपल्याच वयाचे विद्यार्थी सरांच्या नजरेखाली काम करतात. रांग असते, खेपा जास्त होतात, पण खाजगीच्या मानाने खर्च बराच कमी.

वॉर्डन मॅडम आणि सरांनाही एक विनंती. ॲडमिशनच्या मेडिकलमध्ये उंची, वजन आणि डोळे बघून शिक्का बसतो. तिथे एखादा डेंटिस्ट बसवला तर सपाट झालेल्या दाढा दोन मिनिटांत दिसतील.

गार्ड घेतलाच तर गीझरच्या गरम पाण्याने धुवू नका, विशेषतः ईव्हीएचा. ज्या गुणाने तो पातेल्यात वळला त्याच गुणाने बेसिनमध्ये वाकडा होईल. गार पाणी, मऊ ब्रश, आणि भोकं असलेली डबी. पुढच्या वेळी डेंटिस्टकडे जाताना ती डबी सोबत न्या. तुम्ही कुठल्या बाजूला जास्त घासता ते त्यांना गार्डवरच दिसतं.