सिनेनट आत, चाहते बाहेर

मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क निक्स तब्बल २५ वर्षांनी एनबीए या बास्केटबॉल लीगच्या पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले. १९७३ पासून विजेतेपदासाठी आसुसलेल्या शहरात आनंदाला उधाण आले. पण निक्सच्या घरच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन स्टेडियममध्ये अगदी वरच्या रांगेत बसायचे तरी शेकडो डॉलर मोजावे लागत होते. कोर्टालगतच्या खुर्च्यांचे तर बोलायलाच नको. तिथे सिनेनट बसतात आणि कॅमेरेही कौतुकाने त्यांच्याकडेच वळतात. घसा फाटेस्तोवर ओरडणारा चाहता मात्र बाहेर रस्त्यावर.

जागा सुमारे वीस हजार आणि मागणी अफाट, हे खरेच. तरी सगळे खापर मागणीवर फोडता येणार नाही. मागणी पाहून सतत बदलणारे दर, पासधारकांची आणि दलालांची चढ्या भावाने फेरविक्री, वर सेवाशुल्क. तेच तिकीट पुन्हा विकले गेले की मध्यस्थ संकेतस्थळाला पुन्हा कमाई! शुल्कासह पूर्ण किंमत आधीच दाखवण्याची सक्ती अमेरिकी व्यापार आयोगाने त्याच महिन्यात लागू केली. बरे झाले, पण लूट आधी कळली म्हणून कमी होत नाही.

एनबीएला नव्या ११ वर्षांच्या प्रक्षेपण करारातून सुमारे ७६ अब्ज डॉलर मिळणार आहेत. प्रत्येक प्लेऑफ सामन्याची काही तिकिटे माफक दरात राखणे तिला जड नाही. संघमालक ते आपणहून करतील, अशी आशा आम्हाला नाही. न्यूयॉर्क राज्याने २००७ मध्ये फेरविक्रीची दरमर्यादा उठवली होती. म्हणून राज्यानेच ती आधी परत आणावी.