तारेला ‘तू’ म्हणता येत नाही

माझी नोकरी रेल्वेत विजेच्या कामावर, कल्याणात झाली. आपल्या लोकल आधी १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या, आता २५,००० व्होल्ट एसीवर धावतात. या बदलात आमचा एक नियम मात्र तोच राहिला. सप्लाय बंद केल्याचा परमिट हातात आल्याशिवाय आणि तार अर्थ केल्याशिवाय तिच्या जवळ जायचं नाही. तार माणूस ओळखत नाही. तिच्याखाली तीस वर्षं इमानाने राबलेला फिटर आणि काल भरती झालेला खलाशी, तिच्या लेखी दोघे सारखेच. तिला राग येत नाही, तशी दयाही येत नाही. ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसपासून आजच्या सबस्टेशनपर्यंत या शक्तीने मुंबईला पोसलं आहे. मी तिचा उपकृत आहे. पण घरातली काळजी मी तिला कधी सांगितली नाही.

हे आज लिहितो आहे, कारण एक वाक्य अलीकडे फार कानावर येतं. काळा तलावाच्या सकाळच्या फेरीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, गाडीत चौथ्या सीटवर टेकलेल्या माणसाच्या तोंडून. “देवबिव मी मानत नाही, पण काहीतरी शक्ती आहे.” हे म्हणणारी माणसं चांगली असतात. बुवाबाजीला विटलेली, कर्मकांडाला कंटाळलेली, धर्माच्या नावावरची भांडणं बघून थकलेली. देव नको म्हणताना त्यांना खरं तर त्या सगळ्याचा त्रास नको असतो. ते मला समजतं. या मंडळींशी मला थोडं बोलायचं आहे. मी मराठी ख्रिस्ती आहे. माझे आजोबा नगर जिल्ह्यातले. तेव्हा मी ज्या बाजूने बोलतो ती लपवत नाही. पण तुम्ही धर्म बदलावा म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही ज्याला शक्ती म्हणता तिच्याशी कधी बोलून पाहिलंत का, एवढंच विचारतो आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या चाळीतल्या एका बाईंचे यजमान अतिदक्षता विभागात होते. मी भेटायला गेलो तर त्या जिन्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही प्रार्थना करता ना? मला शिकवा. आमचे हे म्हणायचे, देव नाही, एक शक्ती आहे. पण त्या शक्तीला मी काय सांगू? तिला यांचं नाव तरी माहीत आहे का?”

मी सुन्न झालो. इतक्या वर्षांत हा प्रश्न इतक्या थेट शब्दांत मला कुणी विचारला नव्हता. मी एवढंच म्हणालो, आईला सांगाल तसं सांगा. त्या बोलल्या, तिथेच, पायरीवर बसून. रडल्या, भांडल्याही. तिसऱ्या दिवशी यजमान गेले. चमत्कार झाला म्हणून ही गोष्ट मी सांगत नाही. त्या बाई आजही सकाळी गॅस पेटवण्याआधी दोन मिनिटं उभ्या राहून बोलतात. ओट्याच्या वर विठ्ठलाचा फोटो आहे.

आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. साहेबाला आपण ‘तुम्ही’ म्हणतो, मास्तरांना ‘तुम्ही’, जुन्या घरांतून वडिलांनाही ‘अहो बाबा’. आईला मात्र ‘तू’. आणि देवाला ‘तू’. माझे वडील कडक होते, त्यांच्यापुढे मी कधी ‘अरे’ म्हटलं नाही. पण त्यांनीच मला येशूने शिकवलेली प्रार्थना शिकवली, आणि तीत स्वर्गातल्या पित्याला ‘तू’ म्हणायचं असतं. लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं, की बाबांना ‘तुम्ही’ आणि देवबाप्पाला ‘तू’. आता वाटतं, सगळं त्या एका शब्दात आहे. शक्तीला ‘ती’ म्हणता येतं. तिच्याविषयी बोलता येतं, तिच्याशी नाही.

कुणी म्हणेल, देव व्यक्ती आहे म्हणजे आभाळात बसलेला दाढीवाला म्हातारा का? नाही. देवाला आपल्यासारखे हातपाय आहेत असं आम्ही म्हणत नाही. व्यक्ती म्हणजे जो जाणतो, ज्याला काही हवं-नको असतं, जो प्रेम करतो, ज्याचं मन दुखावतं आणि जो क्षमा करतो. या गोष्टी तुमच्या पाच वर्षांच्या मुलीला जमतात. मग जिने हे विश्व चालवलं ती शक्ती तुमच्या मुलीपेक्षा कमी कशी असेल? नीळकंठ गोऱ्हे यांना हाच काटा टोचत होता. काशीत वाढलेले हे चित्पावन शास्त्री १८४८ साली ख्रिस्ती झाले. ‘षड्दर्शनदर्पण’ या ग्रंथात त्यांनी निर्गुण ब्रह्माच्या कल्पनेची बारकाईने उलटतपासणी केली. जे कशालाच जाणत नाही त्याला ज्ञानस्वरूप कसं म्हणायचं, हा त्यांचा सवाल होता. वेदान्त्यांची त्याला उत्तरं आहेत आणि ती हलकी नाहीत. पण महाराष्ट्राने कोरडं निर्गुण कधी उराशी धरलं नाही. आपल्याकडे बाळ नामदेव ‘जेव’ म्हणून देवापुढे हटून बसतो आणि जनाबाईच्या जात्याला देव हात लावतो. नारायण वामन टिळक लहानपणी काही वर्षं आपल्या कल्याणच्याच शाळेत शिकले आणि पुढे १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगायचे. आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन माणसाने त्यांना नवा करार वाचायला दिला होता, तिथून त्यांची वाट फिरली. पण ‘अभंगांजली’त ते ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारतात, ते शिक्षण त्यांना कुठल्या युरोपियनाने दिलेलं नाही. ते इथल्या मातीतलं आहे.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती पंडिता रमाबाईंची वाट, कारण ती सोपी नव्हती आणि त्या ती कुणाच्या बोटाला धरून चालल्या नाहीत.

१८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा रोष घेतला. तीर्थामागून तीर्थ करीत हे कुटुंब पुराणं सांगत फिरलं. दक्षिणेतल्या दुष्काळात वडील, आई, मोठी बहीण एकामागून एक गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी चालत कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. ब्राह्म समाजाच्या मंडळींशी जवळीक झाली. एकच ईश्वर, मूर्ती नको, जातिभेद नको, हे सगळं रमाबाईंना पटलं. पण पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की त्यात त्यांचं समाधान झालं नाही, कारण हा धर्म माणूस आपल्यापुरता आपणच रचतो असं त्यांना दिसलं. ‘काहीतरी शक्ती आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने इथे जरा थांबावं. आपण रचलेला देव आपल्याला कधी चूक ठरवत नाही. तो आपल्याला नको त्या वेळी दारही वाजवत नाही.

भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवराही गेला. दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी एक घर पाहिलं. समाजाने टाकलेल्या, वाईट वाटेला लागलेल्या म्हणून हिणवलेल्या बायांची तिथे सेवा चालत होती, आणि तीही मायेने. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल तिथल्या ख्रिस्ती भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याजवळ पाणी मागणारा येशू. तो तिच्याशी बोलतो. तिचं सगळं आयुष्य त्याला माहीत आहे, तरी बोलतो. रमाबाईंचं मन तिथे हललं. त्याच वर्षी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर मी ही हकिकत इतकी लांबवली नसती. बाप्तिस्म्यानंतरही त्या मिशनच्या भगिनींशी कडाडून वाद घालत राहिल्या. चर्चवाले सांगतात म्हणून काही मानणार नाही, हा त्यांचा बाणा. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, नाव झालं. आणि बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. मतं बरोबर होती, पण ज्याच्याविषयी ती मतं होती तो अजून भेटायचा होता. इतक्या विद्वान बाईने हे कबूल करायला किती धैर्य लागलं असेल! मग जे झालं त्याने त्यांचं उरलेलं आयुष्य पेटलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं. ते आजही आहे. जिथे एकेका मुलीला नाव आहे, तिथे देवालाही चेहरा असावा लागतो, असं मला वाटतं.

हेच मला दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीतही दिसलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांमुळे कितीतरी घरं सावरली आहेत. दुसऱ्या पायरीवर माणूस ‘आपल्यापेक्षा मोठी शक्ती’ मान्य करतो, आणि तिथे कुणावर कसलीच सक्ती नाही. मला ते फार माणुसकीचं वाटतं. पण पुढे वाचा. पाचव्या पायरीवर आपल्या चुका देवापाशी, स्वतःपाशी आणि आणखी एका माणसापाशी कबूल करायच्या असतात. सातवीवर आपले दोष काढून टाक म्हणून नम्रपणे मागायचं असतं. कुणाजवळ मागायचं? करंटजवळ? माणूस खरोखर मोडतो तेव्हा ‘शक्ती’ हा शब्द त्याला पुरत नाही, तो ‘तू’ म्हणू लागतो. तुमच्या घरी कुणी त्या बैठकांना जात असेल तर त्याला जाऊ द्या, त्याच्या शब्दांवरून वाद घालू नका. दाराशी आलेल्याला दारावरून टोकू नये.

आता माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. आपण तोंडाने ‘पिता’ म्हणतो आणि वागतो मात्र तारेखाली उभे असल्यासारखे. इतके दिवस नोव्हेना केला, आता मुलाला नोकरी लागलीच पाहिजे. तेल लावलं, हात ठेवला, आता गाठ गेलीच पाहिजे. नाही गेली तर त्या बाईचा विश्वास कमी पडला म्हणायचं. हे म्हणताना आपल्याला लाज वाटली पाहिजे. बटण दाबलं की दिवा लागतो, ती शक्ती. पिता ‘नाही’ म्हणू शकतो, ‘थांब’ म्हणू शकतो. सहाव्या शतकातल्या कॉस्मस नावाच्या प्रवाशाने कल्लियाना बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली, आणि बरेच अभ्यासक ते बंदर म्हणजे हेच कल्याण मानतात. इतक्या जुन्या गावात आपण अजून देवाला बटणासारखं वापरावं, हे बरं नाही.

“मग तो ऐकतो तर माझं का ऐकलं नाही?” हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि विचारलाच पाहिजे. शक्ती मानणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, ही त्याची सोय आहे. तारेवर कुणी रुसत नाही. रुसायला समोर कुणीतरी लागतो. रमाबाईंची एकुलती एक मनोरमा १९२१ मध्ये गेली, आईच्या हयातीत. रमाबाई तेव्हा म्हाताऱ्या होत्या, कानांनी अधू होत्या. हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. ते त्यांनी सोडलं नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिलमध्ये, त्याही गेल्या. देव व्यक्ती आहे म्हणजे दुःख टळतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी ज्याला मानतो तो स्वतः क्रुसावर ‘का’ म्हणून ओरडला. त्याच्या हातापायांना खिळ्यांच्या जखमा आहेत. म्हणून माझी जखम त्याच्यापुढे उघडायला मला संकोच वाटत नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे. शेवटची कसारा लोकल गेली की आपल्या गावात थोडी शांतता होते. त्या वेळी मोबाईल बाजूला ठेवा. डोळे मिटा किंवा उघडे ठेवा, हात जोडा किंवा जोडू नका. पाठ केलेलं काही म्हणू नका. आपल्या घरच्या मराठीत, मोठ्याने किंवा मनात, ‘तू’ म्हणून एक वाक्य बोला. भावाशी जागेवरून वर्षानुवर्षं अबोला असेल तर ते सांगा. मुलगा ऐकत नसेल तर ते सांगा. तू आहेस की नाही हेच मला माहीत नाही, असं वाटत असेल तर तेही त्यालाच सांगा. पहिलं वाक्य भांडणाचं निघालं तरी चालेल. बोलून झाल्यावर लगेच उठू नका, थोडा वेळ बसून राहा.