विरोधी बाकावरची हयात

आमदारकी ही मंत्रिपदाच्या जिन्याची पहिली पायरी होय, ही समजूत आपल्या राजकारणात इतकी रूढ झाली आहे की, ज्याने बहुतेक हयात त्याच पायरीवर घालविली आणि तरीही ज्याची कारकीर्द अपुरी वाटत नाही, अशा लोकप्रतिनिधीचे मूल्यमापन कसे करावे हे आपल्याला उमगत नाही. सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख हे अशा विरळा प्रतिनिधींपैकी एक होते.

मोहोळ तालुक्यातील पेनूरचा हा वकील महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, म्हणजे १९६२ साली, सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षातर्फे विधानसभेत गेला आणि २०१४ साली त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षातर्फे अकराव्यांदा निवडून आला. मध्यंतरी १९७२ व १९९५ साली मतदारांनी त्यांना घरी बसविले; परंतु पराभवानंतर नवा पक्ष अथवा सोयीचा मतदारसंघ शोधण्याचा मोह त्यांना झाला नाही. १९७४ च्या पोटनिवडणुकीत आणि पुढे १९९९ साली ते सांगोल्यातूनच सभागृहात परतले. दोनदा मंत्रिपद लाभले, दोन्ही वेळा अल्पकाळ. उरलेला बहुतेक काळ विरोधी बाकावर गेला.

विरोधी बाकावरील सभासदाजवळ ना तिजोरीची किल्ली असते, ना बदलीच्या हुकुमाची लेखणी. त्याच्याजवळ असतात ती केवळ तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना ही संसदीय आयुधे, आणि तीही दप्तराचा कसून अभ्यास करणाऱ्याच्याच हाती धार धरतात. मंत्र्याच्या लेखी उत्तरातील गाळलेली जागा नेमकी हेरून उपप्रश्न विचारणे, अंदाजपत्रकातील तरतूद आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी यांतील अंतर दाखवून देणे, या शांत, निरलंकृत कामातच त्यांचा लौकिक घडला, आणि एस.टी.ने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ख्याती त्या कामाच्या वृत्तीशी सुसंगतच होती.

सांगोला हा पर्जन्यछायेतील, टंचाईची सवय जडलेला तालुका. कृष्णेचे पाणी उपसा योजनांनी या माणदेशात आणावे यासाठी क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या, तेव्हा गणपतराव त्या चळवळीचे आधारस्तंभ होते; आणि कापसाचे आगर नसलेल्या या तालुक्यात त्यांनी उभारलेली सहकारी सूतगिरणी शेकडो कुटुंबांच्या रोजगाराचे साधन झाली.

दीर्घ कारकीर्द हा स्वतःच गुण नव्हे, हे मान्य केले पाहिजे. एकाच व्यक्तीभोवती पक्ष उभा राहिला की दुसरी फळी खुंटते, आणि २०१९ साली त्यांनी निवृत्ती स्वीकारताच उमेदवारी नातवाकडे गेली, हे त्या मर्यादेचेच द्योतक होय. तथापि राज्यात पक्ष क्षीण होत असताना ज्याने निष्ठेचा बाजार मांडला नाही, त्याचे पारडे माझ्या मते जडच ठरते. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. वाचकांना एकच विनंती: पुढील निवडणुकीत आपला आमदार मंत्री होईल काय, हे विचारण्यापूर्वी, गेल्या पाच वर्षांत त्याने सभागृहात कोणते प्रश्न विचारले, एवढे अवश्य विचारा.