पाणी कोणाचे, पर्यटन कोणाचे?

देवमासा दाखवून देवमासा वाचविता येतो, असे पर्यटन-व्यवसाय सांगतो. हा दावा सर्वस्वी खोटा नाही. न्यूझीलंडमधील कायकोरा येथे, रेल्वेतील नोकऱ्या गेल्याने बेकार झालेल्या माओरी समाजाने १९८७ साली देवमासे दाखविणाऱ्या नौका सुरू केल्या. नौका त्यांच्याच मालकीच्या; म्हणूनच समुद्राच्या रक्षणात त्यांचे पोट आणि कर्तव्य एक झाले.

जबलपूरला समुद्र नाही; नर्मदा आहे, आणि मालकीचा तोच प्रश्न आहे. बरगी धरण १९९० साली भरले; १६२ गावे बाधित झाली. विस्थापितांनी लढून १९९४ मध्ये जलाशयातील मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संघासाठी मिळविला. पुढे तो काढून घेण्यात आला. त्याच पाण्यावर पर्यटन खात्याची क्रूझ मात्र फिरली! तळाशी कोणाची शेते आहेत, हे प्रवाशांना कोणी सांगावे?

२०११ साली महाशीर मध्य प्रदेशचा राज्यमासा ठरला. अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या या माशाची वाट धरणांनी अडविली. वाट अडवायची आणि मानाचे पद द्यायचे, हे कसले संवर्धन?

पर्यटनाला विरोध नाही. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नाव वल्हविणारा नावाडी हाच नदीचा खरा शिक्षक आहे. मासेमारीचा हक्क विस्थापितांना परत द्या. नौका आणि तिकिटाचे उत्पन्न नावाड्यांच्या सहकारी संस्थांकडे सोपवा. पाण्यावर ज्यांचे पोट, तेच पाणी राखतील. बाकी सारी जाहिरात!