पाहुण्यांची यादी

ईद झाली की निकाहाच्या तारखा ठरू लागतात. तूर-हरभरा विकून हातात चार पैसे आलेले असतात, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या जवळ आलेल्या असतात. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या आसेगावातही मग घरोघरी कपडे, दागिने, मंडप आणि आचाऱ्याच्या गोष्टी सुरू होतात. या धावपळीत सर्वांत कमी वेळ मिळतो तो पाहुण्यांच्या यादीला. पत्रिका छापून आल्या की एका रात्रीत पाकिटांवर नावे घालायची आणि मोकळे व्हायचे! खरे तर खर्च, अन्न आणि नाती या तिन्हींचा हिशेब या यादीवरच ठरतो. म्हणून या वेळी आम्ही तिच्याबद्दल बोलणार आहोत.

पहिली गोष्ट, आधी आकडा ठरवा आणि मग नावे लिहा. कर्ज न काढता आपण किती माणसांना पोटभर जेवू घालू शकतो, हे घरातल्या कर्त्या माणसांनी बायकांना सोबत घेऊन ठरवावे. माणशी सव्वाशे ग्रॅम तांदूळ धरला, तर चारशे माणसांना 50 किलो लागतो. शंभर माणसे वाढली की साडेबारा किलो तांदूळ वाढतो. त्याच्या जोडीला गोश्त, तूप, मसाला, दालचा आणि पाणीही वाढते. हा हिशेब डोळ्यांसमोर असला की पेन आपोआप जपून चालते.

दुसरी गोष्ट, नावापुढे माणसे लिहा. आपल्या खेड्यांत आवतण एकसारखे नसते. कुठे घरटी एक, कुठे नवरा-बायको, तर कुठे चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूलच पेटायची नाही. शंभर पाकिटांचा अर्थ शंभर माणसेही होतो आणि पाचशेही! पत्रिका देतानाच "सगळ्यांनी यायचं" की "घरातून एकानं यायचं" हे स्पष्ट सांगावे. एक साधी वही करावी. त्यात घर, माणसे, आवतण कोण देणार आणि दिले की नाही, एवढे चार रकाने पुरेत. मोठ्या चाचांना वाटते धाकट्याने दिले, धाकट्याला वाटते मोठ्याने दिले, आणि सख्खी फुफी राहून जाते. मग तिचा रुसवा वर्षानुवर्षे पुरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. ती म्हणजे मुलीच्या दारी जाणारे वऱ्हाड. बोलणीत दीडशे माणसे ठरतात आणि गाड्यांतून तीनशे उतरतात. मुलाकडच्यांना ही शान वाटते. तिकडे मुलीचा बाप मंडपामागे आचाऱ्याला हात जोडत असतो, किराणा दुकानातून उधारीवर पोती आणवत असतो. मुलगी नांदायला येण्याआधीच तिच्या माहेरावर हा बोजा पडतो. निकाहाची सुन्नत दावत म्हणजे वलीमा, आणि ती मुलाकडची जबाबदारी आहे, हे आपण सोयीने विसरतो.

हदीसमध्ये ह. अबू शुऐब (रजि.) यांचा प्रसंग आला आहे. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासह पाच जणांना जेवायला बोलावले होते. वाटेत आणखी एक माणूस सोबत आला. प्रेषितांनी (स.) यजमानांना तसे सांगितले आणि त्याला आत घ्यायचे की परत पाठवायचे, हे त्यांच्या मर्जीवर सोडले. यजमानांनी आनंदाने परवानगी दिली. एका जादा माणसासाठी जिथे परवानगी विचारली गेली, तिथे आपण दीडशे माणसे न विचारता कशी नेतो? ठरलेला आकडा हा दिलेला शब्द आहे. वाढायचाच असेल, तर आठ दिवस आधी विचारावे आणि वाढीव खर्च स्वतः उचलावा.

नावे कमी करताना मात्र कात्री कुठे लागते, हे पाहा. पुढारी, ठेकेदार, सोयाबीनचा व्यापारी यांची नावे पहिल्या पानावर येतात. खोडली जाते ती गल्लीतली बेवा, शेतात राबणारा सालदार, दूरच्या गावचा गरीब मामू. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्याचे अन्न हदीसमध्ये सर्वांत वाईट म्हटले आहे. म्हणून ही नावे आधी लिहावीत आणि पुढाऱ्यांची शेवटी. हिंदू शेजाऱ्यांच्या घरी पत्रिका देताना शाकाहारी किती, हेही विचारून घ्यावे. त्यांचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या आचाऱ्याकडून करून घ्यावा, म्हणजे ते निःशंक मनाने जेवतील.

"बोलावले नाही तर लोक काय म्हणतील?" हा प्रश्न राहतोच. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी मदीनेत निकाह केला, तेव्हा प्रेषितांना (स.) तो नंतर कळला, त्यांच्या अंगावरचा सुगंधी पिवळा रंग पाहून. प्रेषित (स.) रागावले नाहीत. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि एका बकरीचा का होईना, वलीमा करण्यास सांगितले. आपल्या आठवणीतलेही एक उदाहरण आहे. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात लग्नाला फक्त 25 माणसांची आणि दोन तासांची परवानगी होती. त्या दिवसांतही निकाह झाले आणि ती घरे आज नांदत आहेत.

ज्यांना बोलावता आले नाही, त्यांच्या घरी निकाहानंतर नव्या जोडप्याला सलामासाठी घेऊन जावे. बसून एक कप चहा घ्यावा. बहुतेक रुसवे तेवढ्याने विरघळतात. आणि दावतीत अन्न उरले, तर ते कोणाच्या घरी, कोण पोहोचवणार, हेही त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवावे. रात्री थकलेल्या घरात ते कोणालाच सुचत नाही.