ऐंशी टक्के तोंडओळख

मराठीत 'तोंडओळख' हा शब्द फार बेताच्या परिचयाला वापरतात. जिन्यात दिसले की मान हलवायची, एवढंच. तेवढ्या ओळखीवर कुणी पाच रुपये उसने देत नाही. पोलिसांना मात्र तेवढ्यावर माणूस हुडकून देणारं यंत्र मिळालं आहे.

दिल्लीचंच पाहा. हरवलेली मुलं शोधायला म्हणून ते आणलं. हेतू उत्तम, कोण नाही म्हणेल? पण २०१८ साली पोलिसांनीच उच्च न्यायालयात सांगितलं की अचूकता दोन टक्के! पुढच्या वर्षी केंद्राचं महिला व बालविकास खातं म्हणालं, एक टक्क्याहूनही कमी. मुलगा कुठला नि मुलगी कुठली हेही त्याला उमगत नाही. असा उमेदवार आमच्याकडे शिपाई म्हणूनसुद्धा कायम झाला नसता. तिथं बढती मिळाली! २०२० च्या दंगलीच्या तपासाला त्याला जुंपलं. मतदार ओळखपत्रं नि वाहन परवान्यांची माहितीही त्यात घातली, असं गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं. अहो, मतदार ओळखपत्रावरचा माझा फोटो पाहून आमची ही विचारते, "हे कोण?"

२०२२ मध्ये माहिती अधिकारात दिल्ली पोलिसांचं उत्तर आलं: ऐंशी टक्के साम्य म्हणजे जुळलं. आणि त्याखाली? जुळलं नाही असं धरायचं, पण तपास करायला मोकळीक आहेच.

मी बँकेत सह्या ताडतो. ऐंशी टक्के जुळणाऱ्या सहीवर चेक पास केला तर संध्याकाळपर्यंत चार्जशीट माझ्या हातात पडेल. आणि सही नाहीच जुळली तर चेक परत जातो, माणूस आपल्या पायांनी घरी जातो. इथं तसं नाही.

"ज्यानं काही केलं नाही त्यानं भ्यावं कशाला?" हे ठरलेलं वाक्य. अमेरिकेत डेट्रॉईटच्या एका गृहस्थांनीही काही केलं नव्हतं. २०२० च्या जानेवारीत यंत्राच्या साक्षीवर त्यांना बायकोमुलींदेखत बेड्या घातल्या, तीस तास डांबलं. २०२४ मध्ये शहरानं तीन लाख डॉलर मोजले आणि केवळ यंत्राच्या शब्दावर अटक करायची नाही, हे कबूल केलं.

यंत्र समुद्रात बुडवा असं माझं म्हणणं नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, असं बजावलं. मग करा ना कायदा! कोणत्या गुन्ह्यासाठी, कुणाच्या हुकमानं, फोटो किती दिवस ठेवणार, आणि चुकलं तर भरपाई कोण देणार? तोवर हे यंत्र कुलपात ठेवा. अर्ज करायला मी तयार आहे. फक्त सोबत दोन फोटो जोडा, एवढं म्हणू नका.